पल्सर १५० ला पेजरवाला अलार्म बसवला, त्या कामाची पूर्ण केस

गाडी माझ्या आतेभावाची, म्हणजे दादाची. पल्सर १५०, २०१७ चं मॉडेल, बीएस फोर (२०२० आधीचं प्रदूषण मानक), कार्ब्युरेटरवाली. राहायला काळेवाडीत, तीन मजली जुनी बिल्डिंग, हा दुसऱ्या मजल्यावर, आणि पार्किंग असं काही नाहीच, सगळ्या गाड्या समोरच्या बोळात भिंतीला लागून. दादा भोसरी एमआयडीसीत सेकंड शिफ्टला असतो, घरी यायला रात्रीचे पावणेबारा-बारा होतात आणि तोपर्यंत दाराजवळच्या सगळ्या जागा गेलेल्या असतात, त्यामुळे ह्याची गाडी कायम बोळाच्या तोंडाशी, जिथे खांबावरचा दिवा कधी लागतो कधी नाही.

आधी पेट्रोल जायला लागलं. मग एका सकाळी गाडी जागेवर नव्हती, थोडी पुढे वळणावर उभी होती आणि हँडल लॉक तुटलेलं. कुणीतरी लॉक तोडून ढकलत नेली आणि मधेच काहीतरी आडवं आलं म्हणून टाकून गेला. नशीब म्हणायचं. लॉकसेट बदलला, त्यात खर्च झालाच, पण दादाची झोप उडाली ती उडालीच. गाडीचे हप्ते नुकतेच संपले होते आणि रात्री बाराला भोसरीहून घरी यायला दुसरं साधन नाही, गाडी गेली तर नोकरीवरच येतं सगळं.

त्याचं म्हणणं एकच होतं, मोठ्ठा सायरन बसवून दे, अख्खी गल्ली उठली पाहिजे. माझं म्हणणं पहिल्यापासून वेगळं होतं आणि ह्या सगळ्या केसचा गाभा तोच आहे: गल्ली उठून काही उपयोग नाही, तू उठला पाहिजेस. कारण अलार्म रोज कुणाचा ना कुणाचा वाजतच असतो, मांजर सीटवर उडी मारतं, टेम्पो जातो, पोरं चेंडू मारतात, आणि लोक कूस बदलून झोपतात. मलाही माझ्या सोसायटीत अलार्म वाजल्यावर कुणी खाली गेल्याचं आठवत नाही. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि असल्या अलार्म किटच्या सायरनवर १२० डेसिबल छापलेलं असतं. छापलेला आकडा सोडा, निम्म्या रात्रीत दोनदा उगाच वाजला तरी तिसऱ्या दिवशी शेजारी भांडायला येणार आणि चौथ्या दिवशी दादा स्वतःच वायर काढून टाकणार. असे काढून टाकलेले अलार्म मी ओळखीच्यांच्या गाड्यांवर पाहिलेत, डबा सीटखाली तसाच, फ्यूज काढलेला.

म्हणून पेजरवाला घ्यायचा ठरवला. पेजर म्हटल्यावर दादाला नव्वदच्या दशकातला कमरेला लावायचा पेजर आठवला, तसं नाही, ह्यात कंपनी नाही, महिन्याचं भाडं नाही, सिम नाही. किल्लीला लावायच्या रिमोटचाच थोडा मोठा भाऊ, छोटी स्क्रीन असते, आत एक ट्रिपल ए सेल आणि व्हायब्रेटर. साधा रिमोट फक्त गाडीला बोलतो, हा दोन्ही बाजूंनी बोलतो, गाडी हलली की गाडीवरचा डबा रेडिओवरून ह्याला सांगतो आणि हा तुमच्या उशाशी थरथरतो. बहुतेक किट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात.

जीपीएस ट्रॅकर का नाही हे दादानेही विचारलं आणि प्रश्न बरोबरच आहे. ट्रॅकर गाडी कुठे गेली ते सांगतो, त्याला सिम लागतं, रिचार्ज लागतो आणि नेटवर्क लागतं. पेजर गाडीला पहिला हात लागला की सांगतो. ज्याची गाडी घराच्या खिडकीखालीच असते त्याला पहिला हात जास्त महत्त्वाचा. लांब पार्क करणाऱ्याला उलटं असेल, त्याने ट्रॅकरच घ्यावा. पैसे असतील तर दोन्ही लावा, एकमेकांच्या आड येत नाहीत.

बॅटरीचा हिशोब, जो कुणीच करत नाही

किट आणलं साधारण दोन हजारात, बिनब्रँडचंच. डब्यात कंट्रोल बॉक्स, सायरन, वायरचा गुच्छा, एक पेजर आणि एक साधा रिमोट. बसवायच्या आधी मी एक काम केलं, ते सगळ्यांनी करावं असं कळकळीने सांगतो, गाडी बंद असताना करंट किती जातो ते मोजलं.

मल्टीमीटर १० अँपिअरच्या सॉकेटला लावायचा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची आणि बॅटरीचं टर्मिनल व ती वायर ह्यांच्यामध्ये मीटर घालायचा. आकडा अगदी छोटा आहे हे दिसलं की मगच मिलीअँपिअरच्या रेंजवर यायचं. आणि मीटर असा मध्ये असताना चावी चुकूनही फिरवायची नाही, सेल (सेल्फ स्टार्ट) तर मारायचाच नाही, मीटरचा फ्यूज जातो, स्वस्तातल्या मीटरला फ्यूजच नसेल तर मीटर जातो. म्हणून मी चावी दादाच्या खिशात न ठेवता वर वहिनींकडे पाठवून दिली होती.

नुसती गाडी, चावी बंद: एक मिलीअँपिअरच्या आसपास, म्हणजे गाडीच्या डिजिटल मीटरची मेमरी वगैरे. मग अलार्मचा डबा टेबलवर तात्पुरता जोडून आर्म केला, म्हणजे पहाऱ्यावर ठेवला, तर १२ मिलीअँपिअर. बारीक लाल एलईडी मिचमिचतो त्याच्यासकट. दोन्ही मिळून १३.

आता पल्सरची बॅटरी ९ अँपिअर-अवरची, म्हणजे ९००० मिलीअँपिअर-तास. बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंतचा हिशोब धरायचा नाही, कारण सेल मारायला बॅटरीत जीव लागतो आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी पार खाली गेली की खराबही होते. निम्मी धरा, साडेचार. ४५०० भागिले १३ म्हणजे ३४६ तास, १४ दिवस. हे नव्या बॅटरीचं झालं. दादाची बॅटरी दोन वर्षं जुनी, त्यात ९ चे सहा-साडेसहा उरले असतील तर तेच दहा दिवसांवर येतं, आणि बॅटरी आपली आपणही थोडी उतरते ती वेगळी. म्हणून त्याला सरळ नियम दिला, आठवड्यापेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल, दिवाळीला गावी म्हणा किंवा काही, तर अलार्मचा फ्यूज काढून, साखळी लावून जायचं. तुम्ही गावी असताना पेजरची रेंज तशीही नाही, मग बॅटरी कशाला खर्चायची.

रोज गाडी चालत असेल तर मात्र काळजी नाही. रात्री-सकाळचे पंधरा तास धरले तर १३ मिलीअँपिअरने खर्च होतो फक्त ०.२ अँपिअर-अवर, तेवढं काळेवाडी ते भोसरी जाताना भरून येतं. फक्त चार्जिंग नीट आहे का बघा: गाडी चालू करून थोडी रेस दिल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. आणि रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी १२.४ च्या वर असेल तर उत्तम, १२.२ म्हणजे निम्म्यावर आली समजा. दादाची सकाळी १२.५ दाखवायची, म्हणून पुढे गेलो. काही किट ३०-४० मिलीअँपिअर खातात, त्यांना हा हिशोब लावून बघा, चार-पाच दिवसांत सेल बंद. लोक मग म्हणतात अलार्ममुळे बॅटरी गेली, गेली असेलही, पण मोजलं कुणी नव्हतं.

बसवणं

कंट्रोल बॉक्स कुठे ठेवायचा ह्यावर बराच वेळ घातला आणि तो घालावाच. शॉक सेन्सर ह्या डब्याच्या आतच असतो, त्यामुळे डबा सीटखाली स्पंजमध्ये गुंडाळून ठेवला, जे बरेच मिस्त्री पाणी लागू नये म्हणून करतात, तर सेन्सरला धक्काच कळत नाही. आणि नुसता सोडून दिला तर खड्ड्यात खडखडतो. चेसिसच्या पाइपला रबरची पातळ पट्टी घालून दोन झिप टायने घट्ट बांधला, वायर निघतात ती बाजू खाली केली म्हणजे पाणी आलं तर वायरवरून ओघळून खाली पडेल, डब्यात शिरणार नाही. सर्व्हिसिंगला प्रेशर पंपाने गाडी धुतात तेव्हा हे कामाला येतं.

वायरिंग. पॉवर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून घेतली, बॅटरीपासून वीतभर अंतरातच इनलाइन फ्यूज, ५ अँपिअरचा. का ५, तर अलार्म वाजताना चारही इंडिकेटर पेटतात, १० वॅटचे चार म्हणजे ४० वॅट, १२ व्होल्टला ३.३ अँपिअर, वर सायरनचा एखादा अँपिअर धरा. ह्यापेक्षा मोठा फ्यूज टाकून उपयोग नाही, मग जळायची ती वायरच जळणार. निगेटिव्हही बॅटरीलाच दिली, चेसिसच्या कुठल्यातरी गंजक्या बोल्टला नाही.

इंडिकेटरच्या दोन वायर असतात, डावी आणि उजवी, त्या वेगवेगळ्याच जोडायच्या. कुणी घाईत दोन्ही एकत्र केल्या तर पुढे डावीकडे वळताना चारही दिवे लुकलुकतात आणि मागचा माणूस गोंधळतो. इग्निशनची वायर, म्हणजे चावी फिरवल्यावर जिच्यात १२ व्होल्ट येतात ती, अलार्मला कळायला हवी म्हणून लॉकसेटच्या कपलरमधून घेतली. रंगावर भरवसा ठेवला नाही. गाडी सात-आठ वर्षं जुनी, मधे लॉकसेट बदललेला, कुणी काय जोडलंय सांगता येत नाही. प्रत्येक वायर चावी बंद-चालू करून मीटरने बघितली.

जोडांबद्दल थोडं सांगायलाच हवं. वायर सोलायची, पीळ मारायचा, वर काळी टेप, ही आपल्याकडची पद्धत. पुण्यातल्या उन्हाळ्यात सीटखाली ती टेप सुटते, चिकट होऊन घसरते आणि पावसाळ्यात जोड हिरवा पडतो. आणि अलार्मचा जोड सैल झाला की अलार्म बंद पडतोच असं नाही, उलट हादऱ्यात तुटक-तुटक करंट जाऊन तो रात्री उगाच वाजायला लागतो. मी सगळीकडे बुलेट टर्मिनल (एकमेकांत बसणाऱ्या धातूच्या टोप्या) पक्कडीने दाबून क्रिंप केले आणि वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. थोडा वेळ जास्त जातो. नंतर कधी अलार्म काढायचा झाला तर गाडीचं मूळ वायरिंग न कापता निघतो हाही फायदा.

आता दोन गोष्टी ज्या मी मुद्दाम जोडल्या नाहीत किंवा वेगळ्या जोडल्या.

पहिली, रिमोट स्टार्ट. किटमध्ये असतं, बटण दाबलं की गाडी लांबून सेल मारून चालू. दादाला हे भारी आवडलं होतं, पोरालाही. मी जोडलं नाही. पल्सर गिअरमध्ये उभी असेल आणि खिशात बटण दाबलं गेलं तर गाडी उडी मारून पुढे जाणार, समोर भिंत आहे की कुणाचं पोर ते तिला कळत नाही. बोळात मुलं गाड्यांवर बसून खेळतात. ती वायर मी टोकाला बंद करून गुच्छातच बांधून टाकली.

दुसरी, इंजिन बंद करायचा रिले. ह्यावर दादाची आणि माझी बरीच चर्चा झाली. रिले म्हणजे करंटने चालणारा स्विच. पाच पिनांचा साधा रिले, ३० नंबरला करंट येतो, रिले झोपलेला (त्याच्या कॉइलला करंट नाही) असताना ३० आणि ८७ए जोडलेले असतात, रिले उठला की ३० आणि ८७ जोडले जातात. ३०-८७ वापरलं तर गाडी चालायला रिले सतत उठलेला हवा, म्हणजे अलार्मची वायर कुणी तोडली तरी गाडी सुरू होणार नाही, चोराच्या दृष्टीने हे पक्कं. पण मग कासारवाडीच्या पुढे हायवेच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, मागे ट्रक असताना अलार्मचा एखादा जोड सुटला तर इंजिन तिथेच बंद. ३०-८७ए वापरलं तर रिले नेहमी झोपलेला, फक्त अलार्म लागलेला असताना कुणी इग्निशन चालू केलं तरच तो उठतो आणि करंट तोडतो. अलार्मचा डबा मेला तरी गाडी चालत राहते. तोटा हा की अलार्मची पॉवर आधीच तोडली तर रिलेचा उपयोग शून्य.

मी ८७ए घेतला, एका क्षणात. गाडी गेली तर गाडी जाते, चालत्या गाडीचं इंजिन भर ट्रॅफिकमध्ये बंद पडलं तर माणूस जातो. रिले आणि फ्यूज मात्र डब्याजवळ ठेवले नाहीत, दुसरीकडे दडवले, कुठे ते इथे लिहीत नाही. आणि बऱ्याच किटमध्ये रिमोटने चालती गाडी बंद करायची सोय असते, ती सेटिंगमधून बंद करून टाकली, त्याच कारणासाठी.

रेंज आणि धक्का

किटच्या खोक्यावर हजार मीटर लिहिलं होतं. मोकळ्या मैदानात समोरासमोर असेल कदाचित, आपल्याकडे मध्ये आरसीसीच्या स्लॅब, विटांच्या भिंती आणि दहा गाड्यांचं लोखंड. डब्यातून एक पातळ काळी वायर बाहेर आलेली असते, ती अँटेना. बसवणारे ती बाकीच्या गुच्छात गुंडाळून टेप मारतात आणि मग म्हणतात पेजर चालत नाही. ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ६९ सेंटिमीटर, तिचा चौथा भाग १७.३ सेंटिमीटर, ती वायर तेवढीच असते आणि तेवढीच सरळ मोकळी हवी, कापायची नाही, वाढवायची नाही, लोखंडाला चिकटवायची नाही. आम्ही ती मागे शेपटीच्या प्लॅस्टिकच्या आतून, जमेल तितकी उभी, बाकी वायरींपासून लांब नेली. प्लॅस्टिकमधून सिग्नल जातो, चेसिसमधून नाही.

मग टेस्ट. मी खाली गाडी हलवत होतो आणि वहिनी पेजर घेऊन घरभर फिरत होत्या, वरून ओरडून सांगत होत्या आला-नाही आला. पुढच्या खोलीत, गॅलरीत एकदम कडक. स्वयंपाकघरात दहातले सात-आठ वेळा. बाथरूममध्ये नाही. बेडरूममध्ये लोखंडी कपाट आहे, त्याच्या शेजारच्या टेबलवर पेजर ठेवला तर येतच नव्हता, तोच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला की प्रत्येक वेळी आला. आधीचा बेत पेजर रात्री कपाटावर ठेवायचा होता, तो तिथेच रद्द झाला. ज्याला कुणाला असं किट लावायचंय त्याने ही फेरी मारल्याशिवाय काम संपलं म्हणू नये, भिंत आणि कपाट प्रत्येक घरात वेगळं असतं.

कंपनीत मात्र पेजर चालला नाही. पत्र्याची शेड, पार्किंग गेटजवळ, आत मशिनांचा गोंगाट. तिथे वॉचमन आहे, कॅमेरा आहे, त्यामुळे दादाने सोडून दिलं. धोका घराखालीच होता.

सेन्सरची सेन्सिटिव्हिटी लावणं हे खरं नाजूक काम. ह्यात दोन टप्पे असतात, हलका धक्का बसला की नुसता चिवचिवाट करून सावध करतो, जोराचा किंवा लागोपाठ बसला की पूर्ण अलार्म. आम्हाला काय हवं होतं ते आधी ठरवलं: सीटवर कुणी पिशवी ठेवली, मांजर बसलं, शेजारून रिक्षा गेली तर काही नको. हँडल फिरवलं, साइड स्टँडवरून गाडी उभी केली, टाकीच्या झाकणाशी खटपट केली तर हवं. मग लिटरभर पाण्याची भरलेली बाटली वीतभर उंचीवरून सीटवर सोडून बघितली. सगळ्यात वरच्या लेव्हलला पूर्ण अलार्म, त्याखाली चिवचिव, अजून एक खाली काहीच नाही पण हँडल हलवल्यावर लगेच. तिथे थांबलो. डबल स्टँडवर मात्र तीच लेव्हल जास्त तिखट होते, कारण गाडी स्टँडवर डुलते, म्हणून दादा आता रोज साइड स्टँडच लावतो, एकसारखं राहतं.

गणपतीत ढोल-ताशा बोळाच्या तोंडावरून जातो तेव्हा हे सगळं गणित कोलमडतं, लक्ष्मीपूजनाला फटाक्यांनीही. त्यासाठी सायलेंट आर्म आहे. गाडी गप्प, पेजर बोलतो. आणि खरं सांगायचं तर पहिल्याच आठवड्यात दादाने स्वतःहून ठरवलं की रोज रात्री सायलेंटच ठेवायचं, जो माणूस अख्खी गल्ली उठवायची म्हणत होता तोच. कारण सोपं होतं, उगाच धक्क्याला पेजर थरथरला तर फक्त एक माणूस उठतो, गॅलरीतून बघतो, मांजर असतं, परत झोपतो. शेजाऱ्यांना पत्ताही नाही. आणि खरंच कुणी असेल तर पेजरवरच्या पॅनिकच्या बटणाने सायरन तुम्ही वाजवायचा. तेव्हा तो कामाचा असतो, कारण बघणारं कुणीतरी आधीच गॅलरीत उभं असतं.

उठणार कोण

ह्याचा विचार वायरिंगच्या आधी व्हायला पाहिजे. दादा शिफ्ट करून येतो, जेवतो, एकला आडवा होतो तो ढाराढूर. त्याच्या उशीखाली पेजर थरथरून त्याला जाग येत नाही हे वहिनींनी पहिल्या दिवशीच सांगितलं. त्यामुळे पेजर खिडकीच्या कट्ट्यावर, वहिनींच्या बाजूला, खाली स्टीलची छोटी ताटली. व्हायब्रेटरने ताटली खणखणते, त्यांना जाग येते. तळमजल्यावरच्या काकांना जाऊन सगळं सांगून ठेवलं, पेजर वाजला आणि माणूस दिसला तर आम्ही तुम्हाला फोन करू, तुम्ही बाहेरचा दिवा लावा, दार उघडू नका. खाली एकट्याने धावायचं नाही हे तर तीन-तीनदा घोकलं. चोर दोघं-तिघं असतात आणि हातात काय असेल सांगता येत नाही. गॅलरीतून दिवा, आवाज, सायरन आणि ११२ ला फोन, एवढंच.

पावसाळ्यानंतर एका रात्री तीनच्या सुमारास ताटली वाजली. वहिनींनी आधी मांजरच असेल म्हणून बघितलं तर गाडीपाशी दोघं, एक हँडलला भिडलेला, दुसरा बोळाच्या तोंडाशी उभा. त्यांनी दिवा लावला, पेजरवरून सायरन वाजवला आणि वरूनच ओरडल्या, "कोण आहे रे तिथं?" तेवढ्यात काकांचा खालचा दिवा लागला. दोघं निघून गेले, पळत पण नाही, भरभर चालत. दादा तोपर्यंत डोळे चोळत उठत होता. ११२ ला फोन केला, गस्तीची गाडी आली, दुसऱ्या दिवशी चौकीत लेखी अर्ज दिला. हँडल लॉक ह्या वेळी शाबूत होतं, वाकवायचा प्रयत्न झालेला, पण तुटलं नव्हतं. थरथर ते दिवा हे सगळं अर्ध्या मिनिटात झालं असेल असं वहिनी सांगतात.

ह्यातून अलार्मने चोर पकडला असं काही मी म्हणणार नाही. दोन गोष्टी मात्र नोंदवून ठेवल्या. सायलेंटवर असल्यामुळे ते दोघं गाडीपाशीच होते तेव्हा वहिनी गॅलरीत पोचल्या, चेहरे नाही दिसले पण किती जण, कुठून आले, कुठल्या बाजूला गेले हे त्यांना सांगता आलं आणि ते अर्जात लिहिता आलं. आणि काका उठले कारण त्यांच्याशी आधी बोलणं झालेलं होतं, सायरन ऐकून बाकीच्या तीन खिडक्यांपैकी एकही उघडली नाही.

कमतरता आहेत. हे स्वस्त किट फिक्स कोडवर चालतं, रिमोट दरवेळी तोच कोड पाठवतो, योग्य यंत्र असलेला माणूस तो उचलू शकतो. कोड दरवेळी बदलणारी किट मिळतात, महाग असतात, परवडत असेल तर तीच घ्या. सायरनमध्ये स्वतःची बॅटरी नाही. पेजर रेंजबाहेर गेला तर हा तसं सांगत नाही, गप्प बसतो, त्यामुळे रोज रात्री आर्म करताना पेजरवर कुलपाचं चिन्ह आलं का ते बघायची सवय लावली आहे, नाही आलं तर लिंक नाही. ट्रिपल ए सेल कमी झाला तर व्हायब्रेटर मंदावतो, वहिनी तो दर महिन्याला किराण्याबरोबर बदलतात. विम्यात सूट मिळते ती एआरएआयची (गाड्यांची तपासणी करणारी संस्था) मान्यता असलेल्या डिव्हाइसला, ही संस्था आपल्याच पुण्यात वेताळ टेकडीवर आहे, बिनब्रँडच्या किटला ती सूट नाही. विमा चालू ठेवा आणि गाडीच्या दोन्ही चाव्या जपा, चोरीचा क्लेम करताना कंपनी दोन्ही मागते.

आणि डिस्क लॉक त्याने काढलं नाही, ते अजूनही पुढच्या चाकाला लागतंच.

आता त्याच बिल्डिंगमधल्या एकाला बीएस सिक्स गाडीवर हेच हवंय. १ एप्रिल २०२० नंतरच्या ह्या बहुतेक गाड्यांमध्ये फ्युएल इंजेक्शन, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), सेन्सर, तिथे इग्निशनची वायर कापून रिले घालायला मी नाही म्हणालो, गाडी वॉरंटीतही आहे. त्याला फक्त पॉवर, निगेटिव्ह आणि पेजर एवढंच जोडून देणार, रिले नाही, इंडिकेटर नाही. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला आहे, त्यामुळे किट विकत घ्यायच्या आधी दादाचाच पेजर त्याच्या घरात नेऊन कुठे येतो कुठे नाही ते बघणार आहोत.